दोन केबल, एक लिंक: ११३, २८ आणि ३० या तीन आकड्यांचा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा. व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ दोन मजल्यांवर आहे. खालच्या मजल्यावर नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवणारा नेटवर्कवरचा साठा, आणि २४ पोर्टचा एक मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच. वर तसाच दुसरा स्विच आणि त्यावर आठ एडिटिंग पीसी. सगळे पोर्ट एक गिगाबिटचे. दोन स्विचमध्ये आधी एक केबल होती, आता दुसरी टाकून दोन्हींचा लॅग केला आहे, म्हणजे दोन पोर्ट एकत्र करून एक लिंक. नॅसलाही दोन केबल आहेत आणि त्यांचा बाँड, म्हणजे नॅसच्या बाजूचा लॅग, केला आहे. दोन्ही स्विचवर एलएसीपी (असा गट आपसात बोलून जमवण्याची पद्धत) चालू आहे, मोड पॅसिव्ह, कारण "पॅसिव्ह जास्त सुरक्षित वाटला". तक्रारी तीन. एका पीसीवर फाइल कॉपी केली की वेग ११३ एमबीच्या वर जात नाही. चौघांनी एकदम कॉपी लावली की प्रत्येकाला जेमतेम २८ मिळतात. आणि परवा साफसफाईत दोनपैकी एक केबल निघाली, तर वरचा अख्खा मजला अर्धा मिनिट बंद पडला. मग दुसरी केबल टाकून मिळवलं काय?

तुम्ही आकडे दिलेत याचा मला फार आनंद झाला. बहुतेक जण "स्लो चालतंय" एवढंच सांगतात. तुमच्या या तीन आकड्यांत जवळजवळ सगळं निदान आहे.

आधी ११३. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ दशलक्ष बाइट. त्यातले सगळे तुमच्या फाइलचे नसतात. १५०० बाइटच्या नेहमीच्या पॅकेटला तारेवर १५३८ बाइटची जागा लागते: इथरनेटचा हेडर, शेवटचा चेकसम, पुढचा प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली (फ्रेम म्हणजे तारेवर जाणारं बांधलेलं पॅकेट) सक्तीची मोकळी जागा. त्या १५०० मधून आयपी आणि टीसीपीचे हेडर गेले की फाइलच्या वाट्याला १४६० उरतात. १२५ ला १४६० ने गुणून १५३८ ने भागा, ११८.७ येतात. विंडोज एमबी मोजताना १०२४ गुणिले १०२४ धरतं, त्यामुळे पडद्यावर तेच ११३ दिसतात. म्हणजे ११३ हे काही बिघडल्याचं लक्षण नाही. एक गिगाबिटची तार काठोकाठ भरून वाहते आहे, एवढंच ते सांगतं. तुमची डिस्क, नॅस, केबल, सगळं चोख आहे.

मग दुसरी तार मदतीला का येत नाही? आपण नकळत पाण्याच्या पाइपसारखा विचार करतो: दोन पाइप जोडले की बादली निम्म्या वेळात भरणार. लॅग तसा चालत नाही. पिठाच्या गिरणीत चार जाती असली तरी तुमचा गव्हाचा डबा एकाच जात्यात ओततात. चार डबे आले तर चार जात्यांवर जातात, पण एक डबा चौघांत वाटत नाहीत. इथेही एका संभाषणाची, म्हणजे एका पीसीच्या एका कनेक्शनची सगळी पॅकेट एकाच तारेने जातात. हे मुद्दाम ठरवलेलं आहे. एकाच फाइलची पॅकेट दोन तारांवर आळीपाळीने टाकली तर ती मागेपुढे पोचतील. पलीकडच्या टीसीपीला, म्हणजे पॅकेट क्रमाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरला, क्रम मोडलेला दिसला की त्याला वाटतं मधली पॅकेट हरवली, तो ती पुन्हा मागवतो आणि पाठवणारा वेग कमी करतो. म्हणून एका संभाषणातल्या फ्रेमचा क्रम बिघडता कामा नये, अशी अट लॅगच्या मानकातच घातलेली आहे. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये आळीपाळीने पाठवणारा शून्य क्रमांकाचा मोड आहे खरा, पण स्विचमधून जाणाऱ्या रोजच्या कामाला तो मी कधी लावत नाही.

तेव्हा एका कॉपीला ११३ च मिळणार, लॅग कितीही नीट केला तरी. याचं वाईट वाटून घेऊ नका. लॅगचा फायदा अनेकांनी एकदम काम करताना दिसायला हवा. तुमच्याकडे तिथेही दिसत नाही, आणि खरी गडबड तीच आहे.

दुसरा आकडा २८. चार पीसी गुणिले २८ म्हणजे ११२. चौघे मिळून एकाच तारेतून पीत आहेत. लॅग धड असता आणि दोघे एका तारेवर, दोघे दुसरीवर असते तर प्रत्येकाला ५६ च्या आसपास मिळाले असते. पण ही एक तार कुठली? मजल्यांमधली असू शकते किंवा नॅस ते खालचा स्विच ही असू शकते. नुसत्या २८ वरून ते कळत नाही.

ते कळतं ३० वरून. केबल निघाली आणि अर्धा मिनिट सगळं बंद पडून आपोआप परत आलं. लॅग खरोखर झालेला असता तर एक केबल निघाल्यावर स्विचने तो पोर्ट गटातून लगेच काढला असता आणि सगळी वाहतूक दुसऱ्या तारेवर वळवली असती. फार तर एखादा पिंग (पलीकडचं उपकरण आहे का हे विचारणारं छोटं पॅकेट) हुकला असता. ३० सेकंद हे लॅगचं लक्षण नाही, स्पॅनिंग ट्रीचं आहे, म्हणजे लूप होऊ नये म्हणून जास्तीचा मार्ग बंद ठेवणाऱ्या स्विचमधल्या यंत्रणेचं. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत बंद ठेवलेला पोर्ट उघडायचा म्हणजे तो आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद पत्ते शिकतो आणि त्यानंतर वाहतूक सोडतो. १५ आणि १५, तीस.

म्हणजे तुमच्याकडे घडलं ते असं. लॅग झालाच नाही. दोन स्विचमध्ये दोन सुट्या केबल दिसल्या, स्पॅनिंग ट्रीने त्यात लूप ओळखला आणि एक पोर्ट बंद करून ठेवला. दुसरी केबल इतके दिवस नुसती लटकून होती. चालू केबल निघाली तेव्हा अर्ध्या मिनिटाने तिची पाळी आली. स्पॅनिंग ट्री बंद असती तर दुसरी केबल टाकल्याक्षणी ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली पॅकेट) फिरत राहून दोन्ही मजले आडवे झाले असते. तिने तुम्हाला वाचवलं आहे. "कटकट आहे" म्हणून ती बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फक्त जुन्याऐवजी रॅपिड स्पॅनिंग ट्री निवडा. तुमच्यासारख्या जोडणीत तिला तीस सेकंद लागत नाहीत.

लॅग का झाला नाही, याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: दोन्हीकडे पॅसिव्ह. एलएसीपी म्हणजे दोन स्विचनी एकमेकांशी बोलून गट ठरवण्याची पद्धत. अ‍ॅक्टिव्ह बाजू आपणहून विचारते. पॅसिव्ह बाजू कोणी विचारलं तरच उत्तर देते. दोघेही "समोरच्याने आधी बोलावं" म्हणून बसले की कोणीच बोलत नाही. एक अ‍ॅक्टिव्ह, एक पॅसिव्ह चालतं. मी मात्र नेहमी दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्हच ठेवतो. पॅसिव्हमुळे कुठलीही जास्तीची सुरक्षितता मिळत नाही, नाव तेवढं तसं वाटतं.

तिसरा पर्याय असतो स्टॅटिक. सिस्कोच्या स्विचवर तो "ऑन" म्हणून दिसतो. यात कोणी कोणाशी बोलत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून स्विच दोन्ही पोर्ट एक धरतो, पलीकडे काय आहे हे न बघता. या मोडने मला एकदा चांगलंच शिकवलं. एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी दोन स्विचमध्ये स्टॅटिक लॅग केला होता. एका स्विचवर कॉन्फिगरेशन सेव्ह केलं, दुसऱ्यावर करायचं राहिलं. आठ महिने सुरळीत चाललं. मग एका दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, आणि वीज आल्यावर दुसरा स्विच जुन्या कॉन्फिगरेशनने उठला. आता एका बाजूला लॅग, दुसऱ्या बाजूला दोन सुटे पोर्ट. लॅगच्या बाजूने एका तारेवरून ब्रॉडकास्ट गेलं, ते पलीकडच्या स्विचने दुसऱ्या तारेवरून परत पाठवलं. पहिल्या स्विचला वाटू लागलं की माझ्याच पोर्टवरचा पीसी पलीकडे राहायला गेला. त्या पीसीसाठी आलेली उत्तरं मग भलत्याच दिशेला. पिंग चार वेळा लागतो, सहा वेळा लागत नाही. लॉगमध्ये तोच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारताना दिसला तेव्हा कुठे उलगडा झाला. एलएसीपी असतं तर पलीकडून उत्तर येत नाही हे पाहून पहिल्या स्विचने तो गट जमवलाच नसता. तेव्हापासून, समोरच्या उपकरणाला एलएसीपी येतच नसेल तरच मी स्टॅटिक करतो, आणि सेव्ह केल्यावर स्विच एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून बघतो.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतल्या कल्पना नावाच्या कंपनीने, विनोद भारद्वाज तिचे एक संस्थापक, १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला आणि पोर्ट एकत्र करायची इथरचॅनेल ही कल्पनाही तिथलीच. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी घेतली. सर्व कंपन्यांच्या स्विचसाठी समान मानक २००० साली आलं, ८०२.३एडी. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेलं, पण मेनूत आणि बोलण्यात अजून जुनाच क्रमांक चालतो. दोन्ही दिसले तर गोंधळू नका.

गोंधळ होतो तो "ट्रंक" या शब्दाने. सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) वाहून नेणारा पोर्ट. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात ट्रंक म्हणजे चक्क लॅग. क्यूनॅपच्या नॅसमध्येही पोर्ट ट्रंकिंग म्हणजे पोर्ट एकत्र करणं. मायक्रोटिक आणि लिनक्सवर त्यालाच बाँडिंग म्हणतात, विंडोज सर्व्हरवर टीमिंग. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विच जोडताना फोनवरून "तेवीस-चोवीस ट्रंक कर" असं कोणाला सांगू नका. एकजण व्हीलॅन करील, दुसरा लॅग, आणि दोघांनीही सांगितलेलंच केलेलं असेल.

आता समजा तुम्ही दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्ह केलंत आणि गट जमला. तरी चौघांचे आकडे २८ च राहण्याची शक्यता आहे. याचं कारण बहुतेकांना सांगितलंच जात नाही, म्हणून इथे जरा थांबू.

कुठलं संभाषण कुठल्या तारेने जाणार, हे स्विच गर्दी बघून ठरवत नाही. तो पत्त्यांवर एक छोटं गणित करतो, त्याला हॅश म्हणतात, आणि उत्तराप्रमाणे तार निवडतो. एक तार ओसंडून वाहत असेल आणि शेजारची रिकामी असेल तरी साध्या स्विचला त्याचं काही नसतं. दुसरी गोष्ट: हे गणित नेहमी पाठवणाऱ्या बाजूचा स्विच करतो. घेणारा ज्या तारेवरून येईल तिथून मुकाट घेतो. नॅसवरून फुटेज वाचताना मजल्यांमधली तार खालचा स्विच निवडतो, प्रोजेक्ट सेव्ह करताना वरचा. त्यामुळे सेटिंग दोन्हीकडे तपासायचं असतं.

गणितात कुठले पत्ते घ्यायचे हे सेटिंगमध्ये असतं. सिस्कोच्या २९६० सारख्या कित्येक जुन्या स्विचवर मुळात "सोर्स मॅक" ठेवलेलं असतं, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता. आता तुमचं चित्र डोळ्यांसमोर आणा. फुटेज वाचताना पाठवणारा कोण? नेहमी नॅस. त्याचा मॅक एकच. म्हणजे गणिताचं उत्तर एकच, तार एकच. आठही पीसींचं वाचन एकाच केबलवर, दुसरी थंड. उलट दिशेला पाठवणारे आठ वेगळे पीसी असतात, तिथे मात्र वाटणी बरी दिसते. "सेव्ह झटपट होतं, उघडायला वेळ लागतो" अशी तक्रार दोन स्विचच्या ऑफिसातून आली की मी आधी हे सेटिंग बघतो. ते बदलून सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्ही आयपी घ्यायला सांगा. स्विचला टीसीपीचे पोर्ट क्रमांकही (म्हणजे स्विचचे खण नव्हे, प्रत्येक कनेक्शनचे क्रमांक) धरता येत असतील तर आणखी चांगलं.

दोन्ही आयपी घेतल्यावरही नशिबाचा भाग उरतो. तो हाताने मोजता येतो. बऱ्याच जुन्या स्विचवर हे गणित अगदी साधं असतं: दोन्ही आयपीचे शेवटचे बिट घ्यायचे, सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. दोन तारा असल्या की शेवटचा एकच बिट कामाचा. म्हणजे शेवटचा आकडा सम की विषम, इतकंच. समजा नॅस १९२.१६८.१.१० वर आहे. दहा सम, शेवटचा बिट ०. एडिटिंगचे चार पीसी २१, २३, २५ आणि २७ वर. सगळे विषम, शेवटचा बिट १. चारही वेळा उत्तर १. चौघेही दुसऱ्या तारेवर, पहिली पूर्ण मोकळी. हे मी बसून रचलेलं उदाहरण नाही. एका ठिकाणी प्रत्येक टेबलाला दोन पत्ते राखून ठेवले होते, विषम पीसीला आणि सम त्याच्या आयपी फोनला. कागदावर मांडणी सुरेख, पण सगळे पीसी एका तारेवर. २३ चा २४ केला, २७ चा २८ केला आणि दहा मिनिटांत भांडण मिटलं. महागड्या आणि नव्या स्विचवर हॅश यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, तिथे असं बोटांवर मोजता येत नाही. पण तत्त्व तेच: आठ जणांची वाटणी चार-चारच होईल असं नाही, पाच-तीन किंवा सहा-दोनही होते. सिस्कोच्या कॅटॅलिस्टवर दोन आयपी देऊन "हे कुठल्या पोर्टने जाईल" असं विचारायची टेस्ट कमांड आहे, तिचा उपयोग करा.

याच कारणाने तीन तारांचा लॅग करण्यापेक्षा दोन किंवा चारचा करावा. हॅशचं उत्तर आठ खणांत पडणारं असेल तर दोन तारांना चार-चार खण येतात, चारांना दोन-दोन. तीन तारांना तीन, तीन आणि दोन. तिसरी केबल वाया जात नाही, पण वाटणी लंगडी होते.

नॅस ते खालचा स्विच या जोडणीलाही हेच लागू आहे. नॅसच्या पोटात बहुतेक वेळा लिनक्सच असतं. त्याच्या बाँडिंगमध्ये मूळ सेटिंग लेअर २, म्हणजे मॅक पत्ते. ते लेअर २ अधिक ३ करा, म्हणजे मॅकबरोबर आयपीही. बाँडचा मोडही बघून घ्या. स्विचवर एलएसीपी आणि नॅसवर "अ‍ॅडॅप्टिव्ह लोड बॅलन्सिंग" असं मिश्रण मी अनेकदा पाहिलं आहे. तो मोड स्विचला काहीच न सांगता आपल्यापुरता चालतो, त्याच्या समोर स्विचवर लॅग करायचाच नसतो. एक तर दोन्हीकडे एलएसीपी, नाही तर स्विचवर साधे सुटे पोर्ट. व्हीएमवेअरवर आभासी सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी एक ओळ: साध्या व्हर्च्युअल स्विचला एलएसीपी येत नाही, त्याला डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. साध्यावर आयपी हॅश निवडलंत तर पलीकडे स्टॅटिकच करावं लागतं.

आता दुसरी केबल टाकण्यामागचं दुसरं कारण: एक तुटली तर काम थांबू नये. माझ्या मते लॅगचं खरं मोल इथे आहे. वेग हॅशच्या मर्जीवर असतो. नीट केलेला लॅग केबल तुटल्यावर सावरतो याची मात्र खात्री देता येते. पण "तुटली" हे स्विचला कळलं पाहिजे.

एका कारखान्यातला प्रसंग सांगतो. दोन शेडमध्ये फायबरच्या दोन लाइन, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे स्विचपासून कन्व्हर्टरपर्यंत तांब्याची पॅच कॉर्ड आणि पुढे फायबर. लॅग स्टॅटिक. पावसाळ्यात डक्टमध्ये शिरलेल्या उंदरांनी एक फायबर कुरतडली. फायबर मेली, पण स्विच ते कन्व्हर्टर ही तांब्याची लिंक जिवंत, हिरवा दिवा लागलेला. स्विचच्या लेखी दोन्ही तारा ठणठणीत. तो निम्मी संभाषणं मेलेल्या तारेवर टाकत राहिला. तक्रार काय आली असेल? स्टोअरच्या टेबलावर ईआरपी उघडतं, शेजारच्या टेबलावर उघडत नाही. त्याच शेजारच्या पीसीवर मेल मात्र चालतो. अडीच तास आम्ही अँटिव्हायरस, डीएचसीपी आणि ईआरपीचा सर्व्हर यांच्यात घालवले. "एकाचं चालतं, शेजारच्याचं नाही, आणि त्याचंही काही चालतं काही नाही" असं कानावर आलं की आधी लॅगची एकेक तार काढून बघावी, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

एलएसीपी असतं तर? दोन्ही बाजू ठरावीक वेळाने एकमेकांना छोटी फ्रेम पाठवत राहतात. स्लो सेटिंगवर दर ३० सेकंदांनी, आणि ९० सेकंद काही आलं नाही तर तार गटातून बाहेर. फास्टवर दर सेकंदाला, आणि तीन सेकंदांत निकाल. म्हणजे अडीच तासांच्या जागी दीड मिनिट किंवा तीन सेकंद. मध्ये कन्व्हर्टर किंवा तसलं कुठलंही उपकरण असेल तर फास्टच ठेवा, आणि दोन्हीकडे. कारण "मला किती वेळाने पाठव" हे ऐकणारी बाजू समोरच्याला सांगत असते. एक सावधगिरी: मध्ये साधा अनमॅनेज्ड स्विच असेल तर या फ्रेम पलीकडे पोचतच नाहीत, कारण त्यांचा पत्ता स्विचने पुढे न पाठवायच्या राखीव पत्त्यांपैकी आहे. स्विचसारखं काम करणारे काही कन्व्हर्टरही त्या गिळतात. लॅगची प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हवी.

एलएसीपीलाही एक गोष्ट कळत नाही: आजारी केबल. क्रिम्पिंग कच्चं, पिन सैल, पण लिंक चालू. छोट्या एलएसीपी फ्रेम सुखरूप जातात, मोठ्या फ्रेममधल्या काही बिघडतात. त्या तारेच्या वाट्याला आलेल्या दोघा-तिघांना रोज रडतखडत काम करावं लागतं आणि बाकीच्यांचं मस्त चालतं. म्हणून नुसता लॅगचा एकत्रित आकडा बघू नका, आतल्या प्रत्येक पोर्टचे सीआरसी एरर (बिघडून आलेल्या फ्रेमची मोजणी) वेगळे बघा. शून्य असायला हवेत आणि शून्यच राहायला हवेत. आजारी केबल १०० एमबीपीएसवर घसरली तर एलएसीपी तिला गटाबाहेर ठेवतं, कारण गटातल्या सगळ्या पोर्टचा वेग एकच लागतो आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक) लागतो. व्हीलॅनची सेटिंगही दोन्ही पोर्टवर तंतोतंत एकसारखी ठेवा. ती सुट्या पोर्टवर न करता लॅगच्या इंटरफेसवर केली की प्रश्न मिटतो.

तुमच्या दोन केबल एकाच केसिंगमधून वर गेल्या असतील. सुताराच्या एका ड्रिलने दोन्ही जातील. जमलं तर दुसरी जिन्याच्या बाजूने न्या. आणि दोन्ही केबल त्याच दोन स्विचमध्ये आहेत. स्विच गेला तर लॅग काय करणार? यावर मोठ्यांचं उत्तर म्हणजे स्टॅक किंवा एमलॅग, दोन स्विच मिळून पलीकडच्याला एकच असल्यासारखे दिसतात आणि एकेक केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावता येते. सिस्कोच्या नेक्ससवर त्याला व्हीपीसी म्हणतात, अरुबाकडे व्हीएसएक्स. तुमच्या स्टुडिओला एवढ्या खर्चाची गरज मला वाटत नाही. नॅसपुरता स्वस्त मार्ग आहे: बाँडचा मोड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, एक केबल एका स्विचला, दुसरी दुसऱ्याला. स्विचवर काही करावं लागत नाही, वेग एकाच तारेचा मिळतो, पण एक स्विच जळाला तरी नॅस दुसऱ्यावर दिसत राहतो. मग दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर आहेत का, तेही बघा.

वेगाबद्दल माझं प्रामाणिक मत असं, की एडिटिंगसारख्या कामाला एक गिगाबिटच्या चार तारा बांधत बसण्यापेक्षा नॅस आणि दोन स्विचमधली जोडणी १० गिगाबिटची करावी. आज बऱ्याच २४ पोर्टच्या स्विचवर दोन-चार एसएफपी प्लसचे, म्हणजे १० गिगाबिटचं मॉड्यूल बसवायचे, खण असतात. तुमच्याकडचे नीट बघा, नुसतं एसएफपी असेल तर तो एकच गिगाबिट देतो. नॅसला १० चं कार्ड, जवळच्या स्विचपर्यंत तांब्याची डीएसी केबल (टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी), मजल्यांमध्ये फायबर. पीसी एक गिगाबिटवरच राहिले तरी हॅशच्या नशिबाचा प्रश्न संपतो. आठ जण मिळून एक हजार एमबीला येत नाहीत आणि फिरत्या डिस्कचा नॅस तेवढं देईलच असंही नाही.

एकाच पीसीला ११३ च्या वर न्यायचं असेल आणि त्या पीसीत दोन नेटवर्क पोर्ट असतील, तर लॅग न करता एसएमबी मल्टिचॅनेल वापरा. एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची पद्धत. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ते आहे, सांबामध्ये (लिनक्सवर एसएमबी चालवणारं सॉफ्टवेअर) ४.१५ पासून मुळातच चालू असतं. तिथे फाइल वाटण्याचं काम एसएमबी स्वतः करतं, कुठला तुकडा कुठे बसवायचा हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे क्रमाचा प्रश्न येत नाही. नॅसचे दोन पोर्ट मग सुटे ठेवावे लागतात, प्रत्येकाला आपापला आयपी. आयस्कझीच्या (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीच्या) बाबतीतही तसंच, तिथे लॅगपेक्षा मल्टिपाथ, म्हणजे दोन सुटे मार्ग, बरा.

आता कामाला लागा, पण स्टुडिओ रिकामा असताना. आधी मजल्यांमधली एक केबल काढून ठेवा. दोन्ही स्विचवर लॅगचा मोड अ‍ॅक्टिव्ह, हॅश सोर्स-डेस्टिनेशन आयपी, स्पॅनिंग ट्री रॅपिड. सेव्ह करा. दोन्ही स्विच एकदा बंद करून चालू करा आणि सेटिंग राहिलंय का बघा. मग दुसरी केबल लावा. सिस्कोवर इथरचॅनेलच्या समरीत दोन्ही पोर्टांपुढे कंसात पी दिसलं पाहिजे. आय दिसलं तर पोर्ट अजून सुटा आहे. नॅसमध्ये आत शिरता येत असेल तर त्याच्या बाँडिंगच्या माहितीत समोरच्या स्विचचा मॅक दिसतो का ते बघा. तिथे सगळी शून्यं असतील तर पलीकडून कोणी बोलत नाही.

मग वरच्या एका पीसीवरून नॅसला सतत पिंग लावा, दुसऱ्यावर मोठी कॉपी, आणि एक केबल काढा. एक-दोन पिंग हुकले तर ठीक. ती परत लावा, मिनिटभर थांबा आणि दुसरी काढा. ही दुसरी फेरी चुकवू नका, पहिल्याच केबलवर समाधान मानणारे पुष्कळ असतात. नंतर चार पीसींवर एकदम कॉपी लावा आणि दोन्ही पोर्टचे आकडे स्विचवर बघा. एकावर सगळं आणि दुसऱ्यावर शून्य दिसलं तर नॅसचा आणि चारही पीसींचा आयपी लिहून काढा आणि सम-विषम मोजा. त्यातही काही सापडलं नाही, तर ते पाच आयपी, दोन्ही स्विचचं मॉडेल आणि निवडलेला हॅश मला कळवा, पुढचं गणित आपण मिळून करू.